डूखबाईंचा करपा

बाई कुणालाच माफ करत नसत. इतर माणसं रागावतात आणि चार दिवसांनी विसरतात. बाईंचा राग लोणच्यासारखा मुरत जाई. कॉलेजच्या कँटीनवाल्याने एकदा त्यांना निवलेला चहा दिला. बाई दुसऱ्या दिवसापासून घरून थर्मास आणू लागल्या आणि रोज त्याच्याच गल्ल्यासमोर बसून, वाफ त्याच्याकडे जाईल अशा बेताने चहा ओतू लागल्या. बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, चुकलं, आता तरी सोडा." बाई म्हणाल्या, "तू चहा सुधार. सोडायचं कधी ते माझं मी बघते." पोरांनी त्यांचं नाव डूखबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी त्यांची विद्यार्थिनी, आणि वयाने त्यांच्याहून फार लहान नव्हे. कंधारला शाळेत शिकवता शिकवता केस पिकले, घरात सून आली, आणि मला डॉक्टरेटचं खूळ लागलं. नांदेडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे नाव घातलं आणि त्याच संध्याकाळी पांढरा एप्रन शिवायला टाकला. तो प्रयोगशाळेत घालायचा असतो, पण मी खळ घालून, कडक इस्त्री करून एसटीतच अंगावर चढवून बसे, कुणीतरी विचारावं म्हणून. विचारलं ते कंडक्टरने. "सिस्टर, जरा नाडी बघता का? चक्कर येऊन राहिली." खरं सांगायचं सोडून मी त्याची नाडी धरली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मीठ कमी करा." ज्या मला मोबाइलची रिंगटोन बदलायला नातेवाईक लागत, ती मी घरी नवऱ्याला सांगे, "मी कॉम्प्युटरला शिकवते!" हे आपले पेपर वाचत म्हणत, "त्याला म्हणावं, चहा टाकायला शीक."

पण शिकवत होतो खरंच. बाईंचा सगळ्यात जुना डूख करप्यावर होता. त्या अर्धापूरच्या केळीवाल्यांच्या घरातल्या. लहानपणी करप्याने पानं जळालेली त्यांनी पाहिली होती. "तो ठिपक्याएवढा असतो तवाच गाठायचा," म्हणायच्या. "पसरल्यावर कुणीबी ओळखंल." म्हणून त्यांनी हे काम काढलं होतं. शेतकऱ्याने मोबाइलवर पानाचा फोटो काढायचा आणि मोबाइलने सांगायचं, करपा आहे की नाही. त्यासाठी कॉम्प्युटरला आजारी आणि निरोगी पानांचे ढीगभर फोटो दाखवायचे, म्हणजे फरक त्याचा तोच शिकतो.

फोटो काढायला आम्ही बागांमधून हिंडलो. बागवाले मोठे पक्के. "रोगट पान पाहिजे तेवढं न्या. पण चांगल्या पानाला कोयता लावायचा न्हाई, घड पोसायचाय मला," असं जो तो म्हणे. म्हणून रोगट पानं कापून प्रयोगशाळेत आणली, टेबलावर निळं प्लास्टिक अंथरून त्यावर फोटो काढले. निरोगी पानांचे फोटो बागेतच, झाडावर. मला ही व्यवस्था फार शास्त्रीय वाटली.

कॉम्प्युटर शिकला. परीक्षा घेतली तर एकही उत्तर चुकेना. मी पेढे वाटले. विभागप्रमुख सरांनी दोन खाल्ले, "वा, वा, आपल्या विभागाचं नाव काढलं" म्हणाले आणि सगळा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन गेले. बाईंनी पेढ्याला हात लावला नाही. "पहिल्याच परीक्षेत पैकीच्या पैकी? पोरानं कॉपी केली असंल."

मला राग आला. माझ्या पोराला कॉपीबहाद्दर म्हणतात! पण बाईंनी वाऱ्याने मोडलेलं एक चांगलं पान मागवलं, निळ्या प्लास्टिकवर ठेवलं, फोटो काढला. उत्तर आलं, करपा. मग पान उचललं आणि नुसत्या प्लास्टिकचा फोटो काढला. करपा, तीव्र.

"बघ," बाई म्हणाल्या, "ह्ये पान बघतच न्हाई गं. प्लास्टिक बघून राहिलंय." निळं दिसलं की रोग, हिरवं दिसलं की निरोगी, एवढंच ते शिकलं होतं. मी एप्रनच्या बाहीने डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "रडतीस काय? उद्यापासून पुन्हा. रोगट पानं झाडावर असतानाच टिपायची." आणि सरांना सावध करायला निघाल्या.

सूचना फलकापाशी त्या थांबल्या. तिथे निमंत्रणपत्रिका लावली होती. विभागप्रमुखांनी विकसित केलेल्या करपा-निदान तंत्राचं प्रात्यक्षिक, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन. खाली आभाराच्या ओळीत शिपायाचंही नाव होतं. बाईंचं नव्हतं.

बाईंनी ती दोनदा वाचली आणि माघारी फिरल्या. मी मागे धावले. "बाई, सांगायचं ना सरांना?"

"त्यांनी इचारलं तर सांगंन. त्यांचं काम हाय म्हणतेत, तर आपल्या कामाचं माणसाला ठाऊक असतंच की." सरांनी विचारलं नाही. विचारावं कसं? विचारलं तर काम कुणाचं ते उघडं पडलं असतं. बाई मात्र अर्धापूरच्या बागवाल्यांना स्वतः जाऊन आवतण देऊन आल्या. "पानं घेऊन या," म्हणाल्या, "दोन्हीबी परकारची."

प्रात्यक्षिकाला सर नवाकोरा निळा सूट घालून आले. तो बघून मी बाईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या, चेहरा देवळात बसल्यासारखा. पहिल्या बागवाल्याने रोगट पान पुढे केलं. मागे स्टेजचा हिरवा पडदा. मोबाइल म्हणाला, निरोगी. बागवाला म्हणाला, "सर, ह्यो करपा हाय. आमच्या म्हशीलाबी कळतो." सर नेटवर्कला दोष देऊ लागले.

तेव्हा पुढच्या रांगेतून बाईंचा अतिशय गोड आवाज आला. "सर, चांगलं पान घ्या अन् छातीशी धरा. हलणार न्हाई." सरांनी कोवळं, टवटवीत पान सुटावर धरलं. करपा. सभागृहात कुजबुज झाली. "आता पान बाजूला ठेवा," बाई म्हणाल्या, "अन् नुसता तुमचाच फोटो काढू द्या." सर नको नको म्हणेपर्यंत बागवाल्याने काढलासुद्धा, आणि माईकपाशी जाऊन आलेलं उत्तर एकेक अक्षर लावत वाचलं. "करपा, तीव्र. बाधित भाग तातडीनं कापून बागेबाहेर नेऊन जाळावा."

पाहुणेसुद्धा हसले. मी तर एप्रन तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंना बोलावलं. मी दाराबाहेर कान लावून होते. "तुम्ही हे मुद्दाम बिघडवलं," सर ओरडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी बिघडवलं म्हणजे मीच केलं होतं. तेवढं लिहून द्या, मी सही करते." सरांनी लिहून दिलं नाही. देणार कसे?

आम्ही सगळं पुन्हा केलं, उन्हातान्हात, झाडाखाली उभं राहून. या वेळचा कॉम्प्युटर चुकायचा, अडखळायचा, पण पानच बघायचा. आज तिकडचे कितीतरी बागवाले तो वापरतात. कॉलेजच्या कागदोपत्री मात्र ते काम शेवटपर्यंत विभागप्रमुखांचंच राहिलं. माझ्या प्रबंधात मी बाईंचं नाव घातलं, पण प्रबंध वाचतो कोण? बाई निवृत्त होऊन लातूरला बहिणीकडे गेल्या. मी भेटायला जाई, तर दुखण्यातही तेच. "समद्यांचा हिशेब झाला गं. त्या एकाचा राहिला. सुटाचं हसं झालं, पण काम अजून त्याच्याच नावावर हाय." मी म्हणाले, "बाई, आता तरी सोडा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा निवलेला चहा झाल्यासारखं मला वाटलं.

त्या गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली. सर आता आणखी मोठ्या पदावर होते. हार घातला, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "माझ्या करपा-संशोधनात बाईंनी मोलाचं सहकार्य केलं."

मी म्हातारी आहे. म्हातारीला कुणी खाली बसवत नाही, हा या वयाचा एकमेव फायदा. मी उठले. "सर, एक विचारू? आजच्या दिवशी खोटं बोलू नये म्हणतात, म्हणून विचारते. ते काम कुणाचं होतं?"

सरांनी पाणी घेतलं. संयोजकांकडे पाहिलं. कुणी मदतीला येईना. अर्धापूरची मंडळी मागे उभीच राहिली होती, हाताची घडी घालून.

"बाईंचं," सर माईकपासून तोंड फिरवून म्हणाले.

"माईकमध्ये, सर."

"काम बाईंचं होतं."

"मागं ऐकू आलं न्हाई," मी म्हणाले. मागे अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. सरांनी पुन्हा सांगितलं.