नवरात्रात चढवलेलं धनुष्य

श्यामकांत त्रिलोकेकरचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही. ऐकणार कुठून? ठाकूरद्वारला आमच्या वाडीत राहायचा, विमा कचेरीत कारकुनी करायचा आणि संध्याकाळी व्यायामशाळेच्या मागच्या बोळात गवताच्या पेंढीवर बाण मारत बसायचा. लोक हसायचे. "काय रे श्याम, सीतेला आणायला कधी निघतोयस?" मला संताप यायचा. त्याला नाही यायचा.

त्याला एकच वेड होतं. धनुर्विद्या हा आपल्या राज्याचा खेळ व्हावा, कुस्ती-कबड्डीसारखा. राज्याचा संघ निघावा. धनुष्य त्याने स्वतः केलं होतं. माळ्यावर दोन वर्षं बांबू वाळवला, तासला, तेल पाजलं. त्या धनुष्याला मला हात लावायची बंदी होती, मला, त्याच्या लंगोटीयाराला! बाण मारून झाले की आधी दोरी उतरवायचा. म्हणायचा, "गंगाधर, चढवून ठेवलं की बांबूतला जोर मरतो रे. मग परत येत नाही."

छप्पन साली त्याला संधी आली. राज्याच्या स्पर्धांत कोणते खेळ घ्यायचे ते ठरवायला एक समिती बसली होती. तिने दसऱ्यानंतरच्या रविवारी शिवाजी पार्कवर प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं. मी म्हटलं, आता तरी गप घरी बस. पण ऐकेल तर शपथ! नवरात्र तोंडावर असताना गेला सत्याग्रहाला, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत, आणि गेला तुरुंगात. मी भेटायला गेलो तर मलाच सुनावतो, "राज्यच आपलं नसेल तर संघ कुणाचा काढू?" 

सुटला तो शनिवारी संध्याकाळी. मीच त्याला घरी घेऊन आलो. दुर्गाकाकी, त्याची आई, दारातच ओवाळायला उभी. भाकरतुकडा टाकला आणि हाताला धरून त्याला देवघरात नेलं. "बघ तुझं धनुष्य कसं ठेवलंय!"

देवांशेजारी धनुष्य उभं होतं. हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि दोरी चढवलेली, अगदी ताठ.

"घटस्थापनेला शस्त्रं पुजायला काढली," काकी सांगत होती, "तर हे मेलं काठीसारखं आडवं पडलेलं. देवापुढे असं ठेवतात? रामाच्या हातातलं धनुष्य कधी उतरलेलं बघितलंयस? व्यायामशाळेतल्या धोंडूला बोलावून दोरी चढवून घेतली. देवीला म्हटलं, माझा श्याम सुटून येईस्तोवर आणि त्याचा बाण लागेस्तोवर हे असंच उभं राहील. रोज ताजी माळ घातली हो!"

श्यामने दोरी उतरवली. धनुष्य सरळ झालंच नाही. वाकलेलं ते वाकलेलंच राहिलं. मी तोंड उघडणार तोच त्याने माझा दंड असा आवळला की बोटं उमटली. "छान ठेवलंस गं आई," तो म्हणाला आणि तिच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी पार्कवर समितीची चार माणसं खुर्च्या टाकून बसली होती. पहिला बाण लक्ष्याच्या अलीकडे मातीत पडला. दुसराही. पोरं शिट्ट्या मारायला लागली. एक समितीवाला घड्याळ बघत म्हणाला, "अहो, हा जत्रेतला खेळ दिसतोय." तिसऱ्या वेळी श्यामने कानामागे पार खेचलं. काडकन आवाज झाला आणि धनुष्याचे दोन तुकडे झाले. कपाळातून रक्त आलं, ते त्याने धोतराच्या सोग्याने पुसलं. समितीचे लोक उठून मल्लखांब बघायला गेले. धनुर्विद्येचं नाव यादीत आलं नाही. श्याम तिथेच मैदानात बसून हमसून हमसून रडला, आणि मला त्या माणसांच्या खुर्च्या उचलून फेकाव्याशा वाटल्या.

वाडीत शिरताना बजावलं मला, "आईला एक अक्षर बोललास तर माझं तोंड बघू नकोस."

काकी जिन्यातच उभी. "लागला का रे बाण?"

"लागला."

"आणि धनुष्य?"

"समितीने ठेवून घेतलं. लोकांना दाखवायला."

काकीने डोळ्याला पदर लावला, मग नवस फेडायला मुंबादेवीला गेली आणि वाडीभर पेढे वाटले. वाडीला सगळं ठाऊक होतं. सगळ्यांनी मुकाट्याने पेढे घेतले. मी माझा पेढा खिशात टाकला.

साठ साली महाराष्ट्र झाला. गिरगावात रोषणाई होती. मी श्यामला म्हटलं, "आता तरी दुसरं धनुष्य कर. राज्य आलं की तुझं!"

"करीन रे. आणि आईने विचारलं की पहिलं त्यांच्याकडून परत का आणत नाहीस, तर काय सांगू?"

काकी त्यानंतर सतरा-अठरा वर्षं जगली. प्रत्येक दसऱ्याला आल्यागेल्याला श्यामचा पराक्रम सांगायची, आणि तो शेजारी बसून मान डोलवायचा. ती गेली तेव्हा त्याचे हात थरथरायला लागले होते, बांबू तासणं आता होणार नव्हतं.