पास्टिनाकेला फोडणी

सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या वसंतात सासरे आमच्याकडे जर्मनीत, बॉबलिंगेनला आले. नवरा सकाळीच ऑफिसला जायचा. घरात बाबा आणि मी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आम्ही दोघं असे एकटे कधी बोललोच नव्हतो. बोलायच्या त्या सासूबाई. आता बाबा खिडकीशी बसून राहायचे आणि मी विचारायचे, "चहा टाकू?" तेवढंच.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून बियांचं एक पाकीट दिलं. पास्टिनाके, म्हणजे गाजरासारखंच, पण पांढरं. "पेरा आणि विसरून जा," त्या म्हणाल्या. "थंडीने त्याला काही होत नाही. उलट कडक थंडी खाल्ली की गोड होतं."

बाबांनी मागच्या अंगणातला एक पट्टा खणला, दगड वेचले, बी पेरलं. विसरले मात्र नाहीत. रोज चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसायचे. आठवडे गेले, काहीच उगवेना. मला धाकधूक वाटायला लागली. "बी जुनं असेल बाबा, दुसरं आणू या का?"

"राहू दे गं," ते म्हणाले. "हिला मात्र धीर निघाला नसता. रोज उकरून बघितलं असतं."

सासूबाई गेल्यापासून बाबांनी त्यांचा विषय पहिल्यांदाच काढला होता. मी आतून दुसरी खुर्ची आणली. त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला.

पुढे कोवळी पानं वर आली. बाबांनी दाटी झालेली रोपं काढून टाकली, पण कंद धरायच्या आधीच त्यांचा व्हिसा संपला आणि ते परत गेले.

डिसेंबरात एका सकाळी गवत गोठलेल्या दवाने पांढरं पडलेलं दिसलं, तशी मी फावडं घेऊन बाहेर गेले. वरची माती दगडासारखी झाली होती. पहिला कंद अर्धाच तुटून आला. बाकीचे नीट निघाले, लांबट, वाकडेतिकडे. थोडे शेजारच्या बाईंना दिले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"भाजी कशी करू, बाबा?"

"मला काय विचारतेस? मी कधी स्वयंपाकघरात गेलोय?" मग म्हणाले, "बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं, तेवढं सांगतो. आधी मोहरी तडतडायची. मग जरा शांत. मग मिरची, कारण मला ठसका लागायचा. मग झाकण ठेवल्याचा आवाज."

"आणि हळद, हिंग?"

"त्यांचा आवाज नाही गं येत."

मी हसले, तेही हसले. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून मी तेल तापत ठेवलं. मोहरी तडतडली तसे बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले.

"थांब," म्हणाले. "आता जरा शांत."

मी थांबले. मग मिरची टाकली.

भाजी गोडसर झाली, जरा जास्तच मऊ. ती शिजेपर्यंत बाबा फोनवर होते, आणि शिजेपर्यंत सासूबाईंबद्दलच बोलत होते.