डोंगराचा अर्धा राहिलेला फेरा

नोकरीत चोऱ्या, खून पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही तो गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला एक साधा डोंगर.

रविवारी दुपारी ठाण्यात फोन आला. फिरायला आलेले एक गृहस्थ सांगत होते, "पायथ्याशी सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण झालं. आता सासू दिसत नाही. मला काही बरं वाटत नाही, साहेब."

डोंगर अवघड नव्हे. एका बाजूने चढायचं, माथ्यावरच्या छोट्या देवळापाशी थांबायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, अशी डोंगराला वळसा घालणारी गोल वाट. चुकू नये म्हणून जागोजागी बाण. लहान मुलंही हसतखेळत जातात. तुये गावचं ते कुटुंब, म्हणजे मुलगा, सून आणि नातवंडं, माथ्यावर पोचलं, तेव्हा मागून म्हातारी आलीच नाही. सगळे आल्या वाटेने शोधत खाली धावले. आम्ही आणि अग्निशमन दलाचे जवानही तीच बाजू पिंजून काढत होतो. वाटेत एक खोल घळ होती. जो तो तिच्यात वाकून बघे आणि मग सुनेकडे.

महिला हवालदाराला सोबत घेऊन मी सुनेचा जबाब घेतला.

"भांडलीस?"

"भांडलंय. म्हणान काय ढकलून दिलंय?"

"कशावरून भांडलीस?"

ती गप्प. माणूस गप्प बसला की पोलिसाला गुन्हा दिसू लागतो. मी पुन्हा विचारलं.

"तुमी हसशात. आई म्हणा होती, माथ्यार देव आसा, तो उजव्या हाताक ठेवन फिराक व्हयो. बाण उलटो दाखयता. मी म्हटलंय, पोरांसमोर हट्ट नको. ती रागान मागे रवली."

मी ताडकन उठलो. प्रदक्षिणा! म्हातारी दुसऱ्या बाजूने चढली असणार. जी वर आलीच नाही ती उतरणीवर कशी असेल, असं समजून तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं.

तिकडेच सापडली. काजूच्या झाडाखाली, पाय मुरगळलेला, आवाज मात्र खणखणीत. स्ट्रेचर आणताच म्हणाली, "खाली नको. आधी वर न्हेया. फेरो अर्धो सोडूचो नाय."

"आजी, आमची काय सहल आहे?" मी भडकलो.

सून पुढे झाली. "न्हेया वर, सायबानु. माथो जवळच आसा. मी धरतंय."

वर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. त्या तालुक्यात मी जीप घेऊन किती हिंडलो होतो, पण तो असा कधी दिसला नव्हता. पश्चिमेला लखलखता समुद्र, खाली तुयेच्या कारखान्यांची छपरं, उत्तरेला तेरेखोल नदी आणि पलीकडे सिंधुदुर्गातले माड. एवढं सगळं एकदम पाहून मला चक्क भीती वाटली. माझी टोपी हातात कधी आली, कळलं नाही.

म्हातारीने देवाला हात जोडले आणि नदीपलीकडे पाहत लेकाला विचारलं, "ता माझा माहेर मां रे?"

"व्हय."

"इतक्या जवळ होता? लगीन झाल्यापासून माका लांब म्हणानच सांगीत इले."

सुनेने तिचा पदर सारखा केला. "पाय बरो झालो की जाव या, आई."

"थय आता कोण नाय गो."

"नसांदे. आपण जाव या."

भांडण कोणाचं, यापेक्षा ते कशावरून, हे आधी विचारायचं, एवढा धडा मी त्या तपासातून घेतला. ठाण्यात परतून 'सुखरूप मिळाली' अशी नोंद केली आणि लगेच बायकोला फोन लावला. तिला म्हटलं, "माहेरी कधी जायचंय ते सांग, मी सोडायला येतो."