सुभेदारांच्या ताटावरचा आडवा हात

आता काय सांगू मंडळी! माझ्या हातून त्या दिवशी जे घडलं, त्याला कोल्हापुरातली सगळी शाहूपुरी पेठ 'दौलतरावांचा घोळ' म्हणते. म्हणू दे! मी आजही छाती ठोकून सांगतो, माझं काही चुकलं नाही. चहा गार होतोय, घ्या. ऐका आणि तुम्हीच निवाडा करा.

महाराजांनी थेटर बांधून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या थेटरासमोरच्या चौकात 'राजविलास' नावाचं उपाहारगृह होतं, थेटराच्याही आधीपासूनचं. टेबलांवर पांढरीशुभ्र कापडं, चिनी मातीची ताटं, जरीचे फेटे बांधलेले वाढपी! सरदार-जहागीरदार नाटकाआधी तिथं जेवायचे. आमच्यासारखा गुळाचा अडत्या बाहेरून रश्श्याचा वास घ्यायचा आणि आपल्या वाटेनं जायचा.

पण आमच्या हौसाला स्थळ आलं. तेही कसलं? मुलगा इंग्रजी शिकलेला, बाप पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. असा सोयरा हातचा जाऊन चालेल? सुभेदार एकटेच नाटकाला येणार होते, तेव्हाच बोलणी करायची असा निरोप होता. मी जाहीर करून टाकलं, "पावण्यांचं जेवण राजविलासमध्ये!"

आमची मंडळी कडाडली. "अवो, पावण्याला हाटेलात घालताय? आपल्या घरातली चूल काय इझली हाय?"

"तुला काय कळतंय? ते सायबाबरोबर जेवल्यालं माणूस हाय."

"पोट सायबाचं न्हाय न्हवं त्येंचं?"

मी ऐकतोय होय! नाटकाच्या दिवशी सकाळीच दुकानावर निघून गेलो आणि दिवेलागणीला तिथूनच परस्पर राजविलासच्या दारात जाऊन उभा राहिलो.

सुभेदार आले. उंचेपुरे, कल्लेदार मिशा. खुर्चीवर असे बसले की खुर्चीलाच मान मिळाला. मी मटणाचं ताट मागवलं. मुख्य वाढपी कासीमभाई, मुंबईला साहेबांच्या क्लबात पंधरा वर्षं काढलेला माणूस. त्यानं अदबीनं वाढलं. सुभेदारांनी चार घास खाल्ले, ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "बास."

आणि कासीमभाईनं काय करावं? वाकून ताट उचललं! माझ्या देखत! माझ्या होणाऱ्या व्याह्याच्या पुढचं ताट!

"ठेव खाली!" मी ओरडलो. "माझ्या पावण्याला उपाशी उठवतोस?"

"गुस्ताखी माफ मालक, साहेबांनीच हात आडवा केला."

"अवो, हात आडवा केला म्हंजे वाढायचं असतंय! तुमच्या घरात पावणं जेवाय येत न्हाईत व्हय?"

"घरात आम्ही बी तसंच करतो, मालक. पर हितं सायबी रीत हाय. माणसानं बास म्हटलं की बास."

"मग सायबाच्या मुलखात समदी उपाशीच निजत असतील!"

आता सांगा, यात खोटं काय बोललो? आपल्याकडं पाहुण्यानं एकदा बास म्हणायचं, यजमानानं दोनदा वाढायचं. पाहुण्यानं ताटावर ओणवं व्हायचं, यजमानानं बोटांच्या फटीतून वाढायचं. याला माणुसकी म्हणतात! मी धोतराचा सोगा खोचला, कासीमभाईच्या हातातनं ताट घेऊन सुभेदारांपुढं परत ठेवलं, रश्श्याचं भांडं उचललं आणि टेबलाला वळसा घालून निघालो.

"दौलतराव, खरंच बास," सुभेदार म्हणाले.

"असं कसं? एक पळी."

"नको हो!"

मला तर भरून आलं. केवढा खानदानी माणूस! आमच्यातला कुणी दुसऱ्या पळीला हात काढून घेतो. या गृहस्थानं दोन्ही हात ताटावर ठेवले! मी एका हातानं त्यांचे हात बाजूला केले आणि दुसऱ्यानं ओतलं.

आता पाहा, आपल्याकडं ताटात अन्न टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. सुभेदारांनी मुकाट्यानं संपवलं. आणि ताट रिकामं झालं की यजमानानं काय करायचं? वाढायचं! मी वाढलं. त्यांनी संपवलं. मी वाढलं. एवढं खाणारं माणूस चार घासांवर उठत होतं, या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एव्हाना नाटकाला आलेली सगळी मंडळी खुर्च्या वळवून आमच्याकडं बघत होती. कोल्हापूरच ते! हाटेलात काय, खासबागेच्या कुस्त्यांच्या मैदानात काय, दोन माणसं भिडलेली दिसली की लोक बाजू घेणारच. एका कोपऱ्यातनं आवाज आला, "पावणं, हटू नका!" दुसरीकडनं, "दौलतराव, मटण बी सोडा की!" मी सोडलं. बोटभर जाड तुकडा.

सुभेदारांचा चेहरा रश्श्याहून लाल झाला. कपाळावरचा घाम मिशीत उतरला. पाचव्या पळीला ते खुर्ची मागं ढकलून उभे राहिले आणि पलटणीला हुकूम सोडावा तशा आवाजात गरजले, "थांबा!"



"दौलतराव, मी दुपारच्या गाडीनंच आलोय. पत्ता इचारत तुमच्या घरला गेलतो. वहिनींनी पोरगी दाखवली, पाटावर बशिवलं आणि गळ्याला येईतवर जेवाय घातलं. सोयरीक मी तितंच पक्की करून टाकलीया!"

"मग... सांगितलं का न्हाई?"

"वहिनींनी शपथ घातली हुती. म्हणल्या, आमच्या मालकांनी लई हौसेनं हाटेल ठरवलंय, त्येंचं मन मोडू नका. म्हणून चार घास खाल्लं. ते बी उपकार म्हणून!"

कासीमभाई माझ्याकडं बघून हसला नाही. शहाणा माणूस. बाकी सगळे हसले.

सुभेदारांनी तोंड पुसलं आणि अट घातली. "सोयरीक मोडणार न्हाय. पर साखरपुड्याचं जेवाण माझ्या दारात. तुमच्या हाताला मी पळी लागू देणार न्हाय."

ती अट मी मान्य केली. पोरीचं कल्याण होतं ना! पण चूक? ती नाही कबूल केली.

साखरपुड्याला त्यांच्या गावी गेलो. पहाटेपासून बैलगाडीचा प्रवास, पोटात अन्नाचा कण नाही. पंगत बसली, मानाच्या पाटावर मी. पानात पहिलं वाढप पडलं, मी ते बघता बघता संपवलं. वाढपी पुन्हा मटण घेऊन आला. मी रीतीप्रमाणं पानावर हात आडवा धरला आणि म्हणालो, "बास."

वाढपी आग्रहाला वाकणार, तेवढ्यात शेजारून सुभेदारांचा आवाज आला, "आरं, ऐकू येत न्हाय? व्याही बास म्हणल्यात. व्हा म्होरं!"

वाढपी पुढं गेला. तो परत काही फिरकला नाही.

मी हात बाजूला घेतला नाही, की मागून मटण घेतलं नाही. भुकेनं जीव गेला तरी मागून घेणारा माणूस मी नव्हे! पंगत उठली तसा ताठ मानेनं उठलो, मिशीवर पालथा हात फिरवला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा दणदणीत खोटा ढेकर दिला.