गादीवालीची लेक

गादीवाली म्हटलं की सगळी गल्ली तिच्याच दुकानाकडे बोट दाखवायची. कापूस नुसता चिमटीत धरून ती त्याची जात सांगायची, आणि दाभणाने टाके असे घालायची की वर्षानुवर्षं गादीत खड्डा पडायचा नाही. "माझ्या गादीवर ज्याला झोप येत नाही, त्याने सरळ डॉक्टर गाठावा!" असं ती गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायची.

आणि तिचीच सहा वर्षांची टिंगू तिच्या गादीवर झोपेना!

टिंगूच्या कवटीची हाडं जन्मतःच एकमेकांना जुळलेली. मेंदूला वाढायला जागा व्हावी म्हणून वर्षाची असतानाच ऑपरेशन झालेलं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तपासणी असायची. एरवी पोर हसरी, बडबडी. पण गेले तीन महिने गादीवर टेकवली की रडायची, आणि उठून थेट काकूची खोली गाठायची.

काकू म्हणजे गादीवालीची धाकटी जाऊ. शेजारच्याच खोलीत राहायची, तिला मूलबाळ नव्हतं. ती भिंतीला टेकून कागदी पाकिटं चिकटवत बसायची. टिंगू तिच्या मांडीत शिरायची, पाठ तिच्या छातीला लावायची आणि बसल्या बसल्याच झोपून जायची. रात्रीसुद्धा तिथेच.

गादीवालीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नुसती हाडं त्या मांडीला, आणि पोरीला तीच गोड लागते! तिने लेकीची गादी तीनदा उसवून नव्याने भरली, उशी पार पातळ केली. काही उपयोग नाही. "पोरीला नादी लावलंय मेलीने," असं ती नवऱ्याला रोज ऐकवायची.

महिन्यापूर्वी काकू भीत भीत म्हणाली होती, "ताई, टिंगूचं डोकं दुखतंय. तुम्हीच म्हणता ना, झोप येत नसेल तर डॉक्टर गाठावा? मग दाखवा की एकदा."

"माझ्या पोरीचं मला कळतं," गादीवाली फणकारली. "तुला कुणी विचारलं?"

तपासणीच्या दिवशी तर तिने काकूला पत्ताही लागू दिला नाही. लेकीला घेऊन गुपचूप निघाली.

डॉक्टरीणबाईंनी टिंगूच्या डोळ्यांत थेंब घातले आणि आत दिवा टाकून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "सकाळी उलटी होते का हिला?"

गादीवालीने लेकीकडे पाहिलं.

"झोपेत घोरते? मधेच श्वास अडकतो? डोकं कधीपासून दुखतंय?"

आई असून तिला एकाचंही उत्तर देता येईना. कान लालेलाल झाले. शेवटी तिने फोन लावला आणि तो डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. पलीकडून काकू घडाघडा सांगत होती. उलट्या किती दिवस, घोरणं कधीपासून, पायरी चुकून पडली तो वार कुठला. मेलीला सगळं पाठ! त्या क्षणीसुद्धा गादीवालीच्या पोटात दुखलंच.

फोन चालूच टेबलावर ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कवटीत पुन्हा जागा कमी पडतेय. मेंदूवर दाब आलाय, डोळ्यामागची नस सुजलीय. आडवं झालं की दाब आणखी वाढतो, म्हणून ती बसून झोपते. ऑपरेशन लगेच करू. उजव्या डोळ्याची नजर थोडी गेलीय, ती मात्र परत येईलच असं नाही. महिनाभर आधी आला असतात तर बरं झालं असतं."

महिनाभर. गादीवालीने फोन परत घेतला. "ऐकलंस?" ती म्हणाली. "तू ये इकडे."

ऑपरेशन झालं, टाके निघाले, पोर घरी आली. काही आठवडे गेले आणि एका दुपारी टिंगू आपणहून गादीवर आडवी झाली. ऐसपैस पसरली आणि झोपली. गादीवाली धावत जाऊन काकूला हाताला धरून घेऊन आली. दोघी दारात उभ्या राहिल्या.

"झोपली की हो!" काकू हसली. मग तिने रिकाम्या मांडीवरची कागदाची कात्रणं झटकली. मांडीवर एकही उरलं नव्हतं, तरी झटकत राहिली.

तो चेहरा गादीवालीने ओळखला. तीन महिने तोच घेऊन ती स्वतः हिंडली होती.

"उठली की आधी तुलाच शोधेल," ती म्हणाली आणि लेकीच्या गादीची कड हाताने सारखी केली. "बस इथे. तुझी पाकिटं मी आणते."