बाबूजींची दुसरी

दुसऱ्या बायकोबद्दल आमच्या बाबूजींइतका बोललेला, आणि पहिलीलाच इतका भिणारा माणूस अख्ख्या अकोल्यात सापडायचा नाही. मी बार्शीटाकळीहून फुलं आणते. ते ज्यू. शनिवार हा त्यांचा पाळायचा दिवस; तो सुटताना सुगंध हुंगायची रीत, त्याला सब्जाची जुडी लागते, म्हणून दर शुक्रवारी त्यांच्या घरी माझी फेरी असते. शनिवारी ते घरात काडीसुद्धा ओढत नसत, पण तोंडाला सुट्टी नसे. बसचा कंडक्टर असो की दात उपटणारा डॉक्टर, "आमच्या शास्त्रात दोन बायका चालतात. आमचा मूळपुरुष याकोब, त्याले त चार व्हत्या!" हे त्याला ऐकावंच लागे. आता ते बंद आहे असं कुणी म्हटलं, की हात झटकत. "थे बंदी हजार वर्सामांगं युरोपातल्या ज्यूयवर घातली. आमी त कोकनातले!" त्यांची बायको, आमच्या काकू, आतून ओरडत, "आना ना मंग! तुमच्या मासोळीचे काटे काढाचं माह्यं त सुटन!" सत्तरीचा माणूस, पण काटे काकूंनीच काढून द्यायचे.

मग काकूंचं डोकं गेलं. माणसं ओळखू येईनात. ठाण्याहून पुतण्या आला. काकूंना आश्रमात ठेवायचं आणि बाबूजींसाठी अलिबागची एक विधवा, असं ठरवूनच आला होता. "काका, आता आपल्यातही कुणी दुसरी लावून देत नाही, खरं आहे. पण बायको भानावर नसली तर युरोपवालेसुद्धा शंभर पंडितांची परवानगी घेऊन करतात. आणि आपल्यावर बंदीच नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

मी सब्जा धरून दारात उभी. वाटलं, संपल्या काकू.

बाबूजींनी शास्त्राचं पुस्तक त्याच्यापुढे आपटलं. "हे वाच. दुसरी केली तरी पयलीचं अन्न, वस्त्र, शेज कमी करू नये. घास मी भरवतो. लुगडं मी बदलवतो. उशाशी मीच बसतो. दुसरीले द्याले उरलं काय?"

पुतण्या चहा न घेता गेला.

पुढे एकदा मी उशाशी फुलं ठेवत होते. काकूंनी मला निरखून पाहिलं, मग बाबूजींना. "आनली वाटते दुसरी." मी लाजेनं मेले. काकूंनी माझा हात धरला. "याईले काटे काढून देत जाय वं. घशात अडकते."

बाबूजी भिंतीकडे बघत होते. मी "हो" म्हटलं.

दिवाळीआधी काकू गेल्या. बाबूजी आता कुणालाच काही सांगत नाहीत. मागच्या शुक्रवारी मी धीर करून विचारलं, "मासोळी आणू का? काटे काढून देते."

"नाई वं माय," ते म्हणाले. "थे वरून म्हनन, आनलीच शेवटी."