माहूरच्या धुक्यात मारलेली हाक

गावातल्या बायका मला देवीची मोठी भक्त समजतात. मंगळवार-शुक्रवार धरते, नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालत नाही, दर वर्षी माहूरला ओटी घेऊन जाते म्हणून. आता बहात्तरी ओलांडली, खोटं कुणासाठी बोलायचं? मी भक्त नव्हते, भित्री होते. छडीवाल्या मास्तराला भ्यावं तशी पन्नास वर्षं मी रेणुकामाउलीला भीत आले. गाभाऱ्यात गेले की तिच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. ओटी ठेवायची, पायावर डोकं टेकायचं आणि गर्दीचा धक्का लागल्यासारखं करून बाहेर पडायचं. हे असं का, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांमागं भादव्यात जे घडलं, त्यानंतर ते लपवण्यात मजा राहिली नाही, म्हणून लिहायला बसले.

मुळात दोष त्या अठरा वर्षांच्या पोरीचा. लग्न होऊन नायगावजवळच्या आमच्या गावात आले तेव्हा मी सातवी पास होते, आणि सातवी पास म्हणजे जगातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. आमच्याकडं बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. उखाण्यात गुंडाळून घेतलं तर चालतं, पण उघडं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. मी मनात म्हणायची, काय अडाणी लोक हो हे! एक दिवस खळ्यावर ज्वारीची रास चालली होती. मी भाकरी घेऊन गेले, तर हे दोस्तांबरोबर गप्पा मारायलेत, माझ्याकडं बघायचं नाव नाही. मग मी कमरेवर हात ठेवला, त्यांचं अख्खं नाव घेतलं आणि सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं ओरडले, "भाकर थंड व्हायलीय!" उफणणाऱ्या बायकांची सुपं हातातच राहिली. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. हे मात्र मोठ्यानं हसले. आणि त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, भरल्या गाडीचा बैल बुजला आणि हे चाकाखाली आले.

सासूबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "जीभ आवर गं माय आता." ते शब्द मला असे लागले की त्याच आठवड्यात भावाला घेऊन मी माहूर गाठलं, सगळ्या पायऱ्या अनवाणी चढले आणि आईपुढं पदर पसरून बोलले, यांना उठव, मी मरेपर्यंत हे नाव तोंडातून काढणार नाही, काढलं तर तू यांना खुशाल ने. बघा त्या सातवी पास पोरीची हुशारी! बोल मोडायचा मी आणि जायचं त्यांनी. पण त्या वेळी मला तो सौदा लई पक्का वाटला. दोन महिन्यांनी हे काठी टेकत उठले, आणि मी पक्की अडकले.

मग पन्नास वर्षं काय काय उद्योग केले, विचारू नका. मतदानाला गेले आणि साहेबानं यांचं नाव विचारलं, की ते सांगायला मागच्या बाईला कोपरानं ढोसायची. गावात त्याच नावाचे आणखी दोघं होते, त्यांना मी 'ते उत्तरेकडचे' आणि 'ते तंबाखूवाले' म्हणायची. एकदा यांना जुलाब लागले, सोबत मी एकटीच. दवाखान्यात कागद लिहिणाऱ्या पोरीनं विचारलं, नाव काय? मी घाबरून माझंच सांगितलं. माझा मिशीवाला नवरा दोन दिवस माझ्या नावाच्या कागदाखाली सलाईन लावून पडला होता. हे हसायचे, म्हणायचे, "अगं, मरताना तरी घेशील का न्हाई?" मी म्हणायची, "कुणाच्या मरताना?"

तीन-चार वर्षांमागं यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग शेताची वाट, मग माणसं. लेकाला ओळखेनात, मला 'ओ बाई' म्हणायला लागले. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, पण आबा म्हटलं तरी बघायचे नाहीत. 'अहो' म्हटलं तरी नाही. नुसतं लहान पोरासारखं कुठं तरी निघून जायचे आणि शेजारी हाताला धरून आणून सोडायचे. मी रोज देवीला म्हणायची, एकदा ओळखू दे गं. पण बोलताना खाली बघायची.

त्या भादव्यात नातीनं, गौरीनं, हट्ट धरला. कॉलेजातल्या सगळ्या मैत्रिणी कुठल्या ना कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आल्या म्हणे, हिनं अजून ढग हातानं धरला नव्हता. माझा लेक सतीश म्हणाला, "आबाला घेऊन महाबळेश्वर कुठं गाठतीस? आपलं माहूर काय कमी हाय? डोंगर हाय, किल्ला हाय, धुकं तर फुकट हाय." सुनेला शाळेचं काम होतं, ती राहिली. आम्ही चौघं पहाटे गाडीत बसलो. हिमायतनगरला चहा घेतला, पुढं सहस्रकुंडाला उतरलो. काळ्या खडकावरून पैनगंगा अशी कोसळत होती की बोललेलं ऐकू येत नव्हतं. हे कठड्याला धरून किती तरी वेळ बघत राहिले, शेवटी म्हणाले, "कुणाचा पाट फुटला?" गौरी हसली, मीही हसले. किनवटच्या पुढं सागाचं रान लागलं, सागाला फुलोरा आला होता, डोंगरामागून डोंगर हिरवेगार उठत होते. इतकी वर्षं मी याच वाटेनं गेले, पण मान खाली घालून. डोंगर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

माहूरला पोचलो तर देवीला मोठी रांग. सतीश म्हणाला, दुपारून रांग कमी होईल, तोवर किल्ला बघू. देवीच्या आधी किल्ला! दुसरी कुणी असती तर तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. मी मात्र मनातून खूश. तेवढीच टळली भेट.

किल्ला म्हणजे पडकी तटबंदी, त्यात माजलेलं गवत, मधे पाण्यानं भरलेला तलाव आणि जिकडं बघावं तिकडं दरी. समोरच्या डोंगरावर दत्तशिखर, त्याच्यापलीकडं अनसूयेचं मंदिर. वारं आलं की दिसायचं, ढग आला की पुसलं जायचं. यांना मी एका चौथऱ्यावर बसवलं, हातात भुईमुगाच्या शेंगा दिल्या. तेवढ्यात गौरी म्हणाली, "आजी, इकडं ये ना, मागं दरी मस्त दिसायलीय." तिनं तिचा काळा गॉगल माझ्या डोळ्यांवर चढवला. आणि ती अठरा वर्षांची पोरगी, जी मला वाटलं कधीच मेली, ती जागी झाली. मी कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली. एक फोटो, दुसरा फोटो, पदर उडतानाचा तिसरा फोटो. गॉगल काढला तेव्हा सगळं पांढरं झालेलं. मला वाटलं उजेडानं डोळे दिपले. पण ते धुकं होतं. हाताची बोटं दिसत नव्हती. चौथऱ्याकडं धावले तर तिथं नुसती शेंगांची टरफलं.

सतीश दरवाजाच्या दिशेनं पळाला, गौरी तलावाकडं. जाताना दोघं मला म्हणाले, तू हितंच थांब, हलू नको. मी थांबले आणि ओरडायला लागले, "अहो! अहो, कुठं हाव?" धुक्यातून एक माणूस म्हणाला, "कोण, मी का?" दुसरीकडून आणखी एक म्हणाला, "काय झालं, मावशी?" गडावर आलेल्या सगळ्या नवऱ्यांनी ओ दिली, माझा सोडून. वेगळ्या वेळी मी पोट धरून हसले असते. पण तट कुठं फुटलाय ते मी मघाशीच पाहिलं होतं. नाव घ्यावं तर मीच केलेल्या बोलानं ते जायचे. न घ्यावं तर दरीनं जायचे. जिभेवर नाव येऊन बसलं होतं आणि मी दातांनी त्याला आत ढकलत होते.

"कुणाला बोलवायलीस, बाई?" अगदी कानाजवळून कुणी तरी म्हणालं. वळून पाहिलं तर एक म्हातारी. डोक्यावर सीताफळांची पाटी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंडात पान. मी म्हणाले, मालक हरवलेत, त्यांना विसराचा आजार हाय. ती म्हणाली, "मग अहो अहो काय लावलंय? त्याला नाव न्हाई का?"

"घेता येत न्हाई. बोल केलाय."

"कुणाला?"

"हितल्याच आईला."

ती हसली. पानानं लाल झालेलं तोंड, दोन-तीनच दात. म्हणाली, "आई हाय का कोण हाय ती? लेकरू कड्यावर उभं हाय अन् ती बोल मोजत बसंल व्हय? हाक मार गं. लहानपणी त्याची माय मारायची तशी मार." आणि पाटी सावरत पुढं निघाली.

मी डोळे मिटले. मनात म्हणाले, आई, तुझं तू बघ. मला आता काही कळत नाही. नवस नाही, सौदा नाही, पदरसुद्धा पसरला नाही. आणि ओरडले, "शेषेराव!" बावन्न वर्षांनी. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. समोरच्या डोंगरानं तो परत दिला, पण माणसानं दिला नाही. मग सासूबाई तिन्हीसांजेला अंगणात उभ्या राहून कशा हाक मारायच्या ते आठवलं. शेवटचं अक्षर लांबवून, थोडं रागानं, थोडं लाडानं. तशीच मारली. "शेषूऽऽ! ए शेषूऽऽ!"

आणि धुक्यातून, खालच्या अंगानं, लहान पोराच्या सुरात ओ आली. "आलो गं माय!"

"हळू ये," मी म्हणाले. "तटाकडं जाऊ नगं. माझ्या आवाजावर ये." मी हाक मारत राहिले, ते ओ देत राहिले. आधी काठी दिसली, मग टोपी, मग ते. धोतराला चिखल, हातात एक कच्चं सीताफळ. सतीश नंतर जाऊन बघून आला. तट जिथं खचलाय तिथं सीताफळीचं झाड आहे, त्याच्या पलीकडं दोन पावलांवर काही नाही. ओल्या मातीत चपलेचे ठसे झाडापर्यंत गेलेले आणि तिथूनच वळलेले.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी वाट बघत होते, आता खाली कोसळतील म्हणून. कोसळले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, बाई म्हणून नाही, आणि मिशीतल्या मिशीत हसले. "घेतलंस की न्हाई नाव?" म्हणाले. "अन् उखाणा कुठं गेला?" मला एकही आठवेना. लग्नात चार घेतले होते मिजाशीनं, त्यातला एक आठवेना. मी नुसती त्यांचा हात धरून रडले, आणि रडतानाच त्यांच्या डोळ्यांतली ती ओळख परत विझली. "रडू नका, ओ बाई," ते म्हणाले, आणि सीताफळ मला दिलं.

दुपारी दर्शनाला गेलो. तिथं पानाचा विडा कुटून आईला तांबूल देतात. शेंदरानं माखलेलं ते भलंमोठं मुख, आणि तोंडात तांबूल. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर करून बघितलं, चांगलं डोळ्यांत डोळे घालून. पन्नास वर्षं जिला मी रागावलेली समजत होते, तिच्या तोंडात विडा रंगला होता. विडा चघळत कुणी रागावतं का? मी म्हणाले, आई, बोल मोडला. पुजाऱ्यानं माझ्या हातावर तांबूल ठेवला, माझंही तोंड लाल झालं. सीताफळवाल्या म्हातारीकडून दोन सीताफळं तरी घ्यावीत म्हणून तिला पायऱ्यांवर, वाहनतळावर, सगळीकडं शोधलं. दुकानदार म्हणाले, पाटीवाल्या पुष्कळ असतात, मावशी. असतील. मी जास्त खोदून विचारलं नाही.

याला दोन वर्षं झाली. हे आहेत. ओळख परत आली नाही, तेही सांगते. आईनं माझ्या मनासारखं सगळं केलं असं मी म्हणणार नाही. पण आता रोज संध्याकाळी मी दारात उभी राहून नाव घेऊन हाक मारते. गल्लीतल्या सुना फिदीफिदी हसतात, हसू देत. काही दिवशी ओ येते, काही दिवशी येत नाही. हाक मारणं तेवढं माझ्याकडं आहे, ओ देणं मी आईवर सोपवलंय, आणि हे सोपवल्यापासून रात्री झोप लागते. त्या अठरा वर्षांच्या पोरीला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. सातवी पास होती ना.

आता पुरे करते. चुलीवरची शेवटची भाकरी कधीच उतरली आणि हे अंगणात चिमण्यांशी बोलत बसलेत. हाक मारून येते. शेषेराव, भाकर थंड व्हायलीय!